आधी रिलीज, मग बाण

तिरंदाजीत नवशिक्याने मनगटी रिलीज (मनगटाला पट्ट्याने बांधायचे, धनुष्याची दोरी धरून सोडणारे साधन) घ्यावा आणि बाण धनुष्याच्या पौंडांवरून निवडावेत, असा सल्ला दिला जातो. त्यातले रिलीजबद्दलचे मत पटते. मात्र बाण केवळ धनुष्याच्या पौंडांवरून, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोरावरून निवडावेत, हे मान्य नाही; बाणाचा स्पाइनही पाहावा लागतो. स्पाइन म्हणजे बाणाचा ताठरपणा: 28 इंच अंतरावरील दोन आधारांवर ठेवलेल्या बाणाच्या मध्यावर 880 ग्रॅम वजन टांगले असता तो 0.400 इंच वाकला, तर त्याचा स्पाइन 400, आणि आकडा जितका लहान तितका बाण ताठ. तोच बाण लांब ठेवला किंवा त्याला जड टोक लावले, तर सुटताना तो अधिक वाकतो.

रिलीज बदलल्यास चेहऱ्यावरचा हाताचा टेकू सरकून ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) आणि त्यासोबत बाणाची लागणारी लांबीही बदलू शकते, म्हणून रिलीज पक्का झाल्यावरच बाण कापून घ्यावेत. मुंबईच्या दमट हवेत घामाने रिलीजचा वेल्क्रोचा पट्टा सैल पडू शकतो, त्यामुळे बकलचा पट्टाच मला विश्वासार्ह वाटतो.