सातवीला वाचन अडखळतंय, काय करावं?

जि. प. शाळेत सातवीला मराठी शिकवतो. निपुण भारत, म्हणजे केंद्राचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान, त्याचं लक्ष्य तिसरीपर्यंतचं. माझ्या वर्गात ‘क्षेत्रफळ’ला अडकून बसणारी पोरं आहेत, त्यांचं काय? 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो तेवढे वर जातात. ग्रंथपेटी कुलपात, पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार!

— सर, इयत्ता विसरा, पातळीप्रमाणे गट पाडा. ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेची रीत तीच: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पण मिसरूड फुटलेल्या पोराच्या हाती पहिलीचं पुस्तक नको, लाजतात. क्रिकेटची बातमी द्या.

— गणित-विज्ञानवाल्यांनाही ओढा. शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही, म्हणून तिथेही भोपळाच.

— बातमीचं पटलं. विज्ञानाच्या मॅडमना आज मधल्या सुट्टीत गाठतो. गणिताचे सर मात्र ‘अभ्यासक्रम कोण संपवणार’ म्हणतील, नक्की.