कार्डांचे अख्खे बॉक्स उचलणाऱ्यांना दुकानदारांनी आवर घालावा का? (सांगली-मिरज)

आमराईवाला

सांगलीत फुटबॉल-क्रिकेट खेळाडूंची कार्डं जमवणारी पोरं चांगलीच वाढलीत. रविवारी सकाळी आमराईत बाइंडर उघडून बसतात, डबल कार्डांची अदलाबदल चालते. "एक चमकी दे, तीन साधी घे" यावरून अर्धा अर्धा तास घासाघीस. हल्ली मात्र तिथं नवीन कार्डंच दिसत नाहीत. नवा माल आला की दोन-तीन जण शटर वर जायच्या आधी दुकानापुढं हजर असतात आणि अख्खे बॉक्स उचलतात. संध्याकाळी तीच पाकिटं व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. छापील किंमत ५० रुपये, मागणी दीडशेची.

याहून वाईट प्रकार मी स्वतः पाहिला. एकानं खिशातून छोटा डिजिटल काटा काढला, सराफाकडं असतो तसला, आणि काउंटरवरच एकेक पाकीट त्यावर ठेवायला लागला. ज्या पाकिटात जर्सीचा तुकडा लावलेलं जाड कार्ड असतं ते इतरांपेक्षा थोडं जड भरतं. जड पाकिटं एका बाजूला काढून पैसे दिले, हलकी परत बॉक्समध्ये सरकवली. नंतर सातवीतला एखादा पोरगा खाऊच्या पैशांतून जे पाकीट घेतो, त्यातलं चांगलं कार्ड आधीच बाहेर गेलेलं असतं आणि त्याला ते कधीच कळत नाही. मी याला सरळ फसवणूक म्हणतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. नव्या मालाचे पहिले आठ दिवस एका गिऱ्हाइकाला चारच पाकिटं. काउंटरवर काटा चालणार नाही. आणि छापील किमतीच्या वर सीलबंद पाकीट विकणाऱ्याला आपल्या ग्रुपवर जागा नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

मिरज_जंक्शन

बोलण्याचा रोख माझ्याकडं आहे, तेव्हा उत्तर देतो. काटा मी वापरत नाही, त्याला माझाही विरोध आहे. बॉक्स मात्र घेतो आणि पुढंही घेणार.

बॉक्समध्ये २४ पाकिटं धरा. त्यात मागणी असलेली कार्डं दोन-तीन निघाली तर निघाली. बाकी सगळी साधी कार्डं माझ्या अंगावर पडतात, त्यांचे पैसे मला कोण देतं? उलट बाजूनं बघा. एखाद्या पोराला एकच खेळाडू हवाय. त्यानं ५० रुपयांची वीस पाकिटं फोडली तर हजार रुपये गेले आणि तो खेळाडू मिळेलच असं नाही. माझ्याकडं तेच कार्ड सुटं २०० ला मिळतं. पोराचं नुकसान नक्की कोण करतंय?

आणि भाव काय मी मिरजेत बसून ठरवतो? ऑगस्ट २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं, टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं १९५२ सालचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट दोघांच्या सह्यांचं कार्ड १ कोटी २९ लाखांच्या वर गेलं. २०२१ मध्ये फॅनॅटिक्स या कंपनीनं अमेरिकेतल्या बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल लीगची कार्डं छापायचे पुढचे हक्क मिळवले आणि जानेवारी २०२२ मध्ये टॉप्स कंपनीच विकत घेतली. एकाच घरात एवढे हक्क गेल्यावर माल स्वस्त कसा होणार? बाहेरून मागवलं तर डॉलर, कुरिअर, कस्टम आहेच. त्याचा जाब आमच्यासारख्या दोन-तीन जणांना विचारू नका.

शेवटचं. लॉस एंजेलिसमधल्या ११ वर्षांच्या मुलाला नाताळात मिळालेल्या पाकिटातून पॉल स्कीन्स या बेसबॉलपटूचं, जगात एकच प्रत असलेलं कार्ड निघालं. स्कीन्सच्या क्लबनं बदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. घरच्यांनी ती नाकारून लिलाव केला, मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलर आले. त्या पोरालाही साठेबाज म्हणणार का?

आमराईवाला

नाही म्हणणार, कारण पाकीट त्या पोराच्या हातात पोचलं होतं! ते त्यानं स्वतः फोडलं, नशीब त्याचं होतं, पुढं विकायचं की ठेवायचं हेही त्याच्या घरच्यांनी ठरवलं. मी तेवढंच मागतोय. सुटी कार्डं तुम्ही हव्या त्या भावानं विका, माझी हरकत नाही. सीलबंद पाकीट दुकानातून पोरांच्या आधी गायब होतं, हरकत त्याला आहे.

हे वेळीच रोखलं नाही तर काय होतं तेही अमेरिकेतच दिसलं. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात टार्गेट या दुकानसाखळीच्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, बंदूक बाहेर निघाली. त्यानंतर टार्गेटनं काही काळ दुकानांतून कार्डं विकणंच थांबवलं. भुर्दंड कुणाला? रांगेतल्या पोरांना.

हरिपूरकर

मला यात गैर काही दिसत नाही. आमच्या हरिपूरला पिढ्यान्‌पिढ्या पेवांत हळद ठेवली. भाव नसेल तेव्हा जमिनीखाली, भाव आला की पेव उघडायचं. सांगलीची पेठ यावरच उभी राहिली. माल धरून ठेवणारा जोखीम घेतो, पैसा अडकवतो, त्याला नफा मिळायलाच हवा. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं तेव्हा तोटाही त्यांनीच सोसला. कार्डांचा बॉक्स धरला तर एवढा गहजब कशाला?

जुना_संग्राहक

हरिपूरकर, हळदीला गिऱ्हाईक स्वयंपाकघरात आहे. भाव पडला तरी घरोघरी ती लागतेच. धरून ठेवलेल्या कार्डाला गिऱ्हाईक कोण? बहुतेक वेळा तुमच्यासारखाच धरून ठेवणारा दुसरा.

ज्या मँटलच्या कार्डाचं उदाहरण वर आलंय त्याची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. हे कार्ड ज्यात होतं ती १९५२ च्या संचातली शेवटची मालिका हंगाम संपत आल्यावर बाजारात आली आणि खपली नाही. खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडून होती. गिऱ्हाईक मिळेना म्हणून १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्जर यांनी ती बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात टाकली. पोरांच्या हातात गेलेली कार्डं सायकलींच्या चाकांत अडकवून, खिशांत चुरगळून संपली. तेव्हा कुणालाच ती धरून ठेवावीशी वाटली नाही, म्हणून आज ती इतकी थोडी उरलीत.

आता उलटं बघा. अशा जुन्या कार्डांना पैसे येतात हे १९८० च्या दशकात लोकांच्या लक्षात आलं. मग घरोघरी अख्खे बॉक्स साठवले गेले आणि कंपन्यांनीही भरमसाट छापलं. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या या मालाला संग्राहक 'जंक वॅक्स' म्हणतात. त्यातले किती तरी न फोडलेले बॉक्स आजही किरकोळ भावात मिळतात, कारण सगळ्यांनीच ते जपले.

कोविडच्या काळातही तेच. जानेवारी २०२१ मध्ये जॉर्डनच्या १९८६ च्या फ्लीअर कंपनीच्या कार्डाच्या, दहापैकी दहा ग्रेड (कार्डाच्या अवस्थेला दिलेले गुण) असलेल्या प्रती प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरला गेल्या. काही महिन्यांत तेच कार्ड, तोच ग्रेड, निम्म्याहून कमी भावात आलं. ग्रेडिंग करणाऱ्या पीएसए कंपनीकडं कार्डांचा इतका ढीग साचला की मार्च २०२१ च्या अखेरीस त्यांना बहुतेक सेवा थांबवाव्या लागल्या. मिरज_जंक्शन, तुमच्या घरात आज किती बॉक्स आहेत मला माहीत नाही, पण पाच वर्षांनी ते कोण घेणार याचा हिशेब मांडा.

आमराईवाल्यांशीही एका बाबतीत माझं जमत नाही. हा छंद पोरांचाच, असं तुमच्या लिखाणातून वाटतं. तसं कधीच नव्हतं. ही कार्डं सिगारेटच्या पाकिटांतून आली. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं जे कार्ड २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं ते १९०९ ते १९११ च्या दरम्यानचं, तंबाखूबरोबर मिळालेलं. प्लेअर्स सिगारेटनं १९३० च्या दशकात क्रिकेटपटूंचे ५०-५० कार्डांचे संच काढले, तेही मोठ्यांसाठीच. विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मले. त्यांचं एखादं जुनं कार्ड समोर आलं तर मी त्यासाठी ऐपतीबाहेर जाऊन पैसे मोजीन. मोठ्या माणसानं जुन्या, खरोखर दुर्मिळ कार्डाला भारी किंमत देणं आणि कालच छापलेलं पाकीट अडवून ठेवणं, या दोन्हींना एकाच मापानं मोजू नका.

विश्रामबागची_आई

तुम्ही सगळे बॉक्स कुणी घ्यावा यावर भांडताय. माझी काळजी वेगळी आहे. माझा मुलगा नववीत. तो मोबाइलवर 'ब्रेक' बघतो. कुणीतरी लाइव्ह येऊन बॉक्स फोडतो. आधी एकेका संघाची जागा विकतो. तुम्ही ज्या संघाचे पैसे भरले त्याची कार्डं निघाली तर तुमची, नाही निघाली तर पैसे गेले. लोकप्रिय संघाची जागा महाग, बाकीच्या स्वस्त. मुलानं माझ्या फोनवरून यूपीआयनं पैसे भरले आणि हातात एकही कार्ड आलं नाही. याला मी छंद म्हणू शकत नाही, हा जुगारच आहे.

आणि पाकिटं पोरांना मिळाली की सगळं ठीक, असंही नाही. मागे बारीक अक्षरांत १:२४ असं काहीतरी छापलेलं असतं. पोरांना वाटतं २४ पाकिटं घेतली की एक नक्की मिळणार. तसं नसतं, ती सगळ्या छपाईची सरासरी असते. हे त्यांना बसवून समजवायला लागतं.

धाकटीला फक्त स्मृती मानधनाचं कार्ड हवंय, आपल्या सांगलीची म्हणून. तिच्यासाठी सुटं कार्ड घेणंच बरं, या एका मुद्द्यावर मिरजवाल्या दादांचं मला पटतं.

काउंटरवरून

आमचंच दुकान असेल किंवा नसेल, पण खेळण्यांच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. वितरक माल परत घेत नाही. मोठी स्पर्धा संपली की त्याच पाकिटांकडं कुणी ढुंकून बघत नाही, ती आमच्या गळ्यात. अशा वेळी एक माणूस रोख देऊन तीन बॉक्स नेतो, त्याला नाही कसं म्हणू? पोरं दिवसाला दोन पाकिटं घेतात आणि वीस हाताळून ठेवतात.

काटा मात्र आमच्याकडं बंद. एकदा पोरांना कळलं की पाकिटं चाळलेली आहेत, तर ती परत पायरी चढत नाहीत.

कायद्याचं_बोला

छापील किमतीबद्दल स्पष्ट लिहितो. वैधमापन कायदा २००९ चा आणि आवेष्टित वस्तूंचे नियम २०११ चे. किरकोळ विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आयात केलेल्या पाकिटालाही हेच लागू. ग्रुपवर रोज पाकिटं विकणारा माणूस "माझं दुकान नाही" म्हणून सुटेल असं समजू नये. फोडलेल्या पाकिटातलं सुटं कार्ड वेगळं. त्यावर छापील किंमत नसते, तिथं भाव दोघांच्या मर्जीचा.

मिरज_जंक्शन

ठीक, सीलबंद पाकिटं ग्रुपवर टाकायची मी बंद करतो. पण चार पाकिटांच्या नियमानं काय होणार? ज्याला घ्यायचीत तो घरातली पाच माणसं रांगेत उभी करील.

आमराईवाला

म्हणून आणखी एक सुचवतो. पहिले आठ दिवस दुकानदारानं पैसे घेतल्यावर पाकिटाचं वरचं टोक काउंटरवरच कात्रीनं कापून द्यावं. कार्डाला धक्का लागत नाही आणि पोराला तसंही ते तिथंच फोडायचं असतं. कापलेलं पाकीट दीडशेला कोण घेईल? आठ दिवसांनंतर उरलेले बॉक्स खुशाल कुणीही न्यावेत, दुकानदाराचंही नुकसान नाही.

काउंटरवरून

हे जमण्यासारखं आहे. पुढच्या मालाला करून बघतो. वाढदिवसाला भेट द्यायला घेणारे कुरकुर करतील, त्यांना एखाद-दुसरं न कापता देईन.

मिरज_जंक्शन

करा. मी बॉक्स पुण्याहून आणीन. मग सुट्या कार्डांचा भाव येण्याजाण्याच्या खर्चासकट लागेल, तेव्हा तक्रार करू नका.