व्हिएन्नात अडीच दिवस, एकटी: काय गाळू?

मिरजेची_मावशी:
मुलगी न्यूर्नबर्गला असते. मे ते जुलै आम्ही दोघं तिच्याकडे असू. तिथून थेट आयसीई गाडी पावणेपाच तासांच्या आसपास व्हिएन्नाला पोचवते हे कळल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बुधवारी दुपारी पोचायचं, शुक्रवारी संध्याकाळी परतीची गाडी. एकटीनं. 'हे' नातवाकडे बघतील, म्हणजे दोघं मिळून टीव्हीकडे बघतील.

वय 61. आयुष्यभर गणित शिकवलं. इंग्रजी कामापुरतं, जर्मन 'डांके'पुरतं. आठ वर्षांपूर्वी एका टूरबरोबर युरोप 'केला' होता, बारा दिवसांत सात देश. एका जगप्रसिद्ध संग्रहालयाच्या दारात वीस मिनिटं मिळाली, त्यातली बारा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. आत काय होतं ते घरी येऊन पुस्तकात पाहिलं.

म्हणून प्रश्न उलटा विचारते. काय बघू ते नको, काय गाळू ते सांगा. मनापासून हव्यात अशा दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे ब्रॉयगेलची चित्रं. आमच्या स्टाफरूममध्ये जुन्या कॅलेंडरमधलं, बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं चित्र लावलेलं होतं. ऑफ तासाला मी त्यातले कुत्रे मोजायची. आणि दुसरी ऑपेरा. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली रात्र रात्र ऐकलेली मी. ही माणसं माइकशिवाय एवढं थिएटर कसं भरतात ते एकदा कानांनी ऐकायचंय. पण तिकिटांचे आकडे बघून लॅपटॉप मिटला. शाकाहारी आहे. केकमधलं अंडं चालतं, बाकी नाही.

दानूबकाठी:
मावशी, आधी तारीख बदला. श्टाट्सऑपर, म्हणजे इथलं मुख्य ऑपेरागृह, जुलै-ऑगस्ट बंद असतं. जूनमध्ये या, बाकीचं सगळं जमतं.

तिकिटाचं म्हणाल तर उभं राहून ऐकायच्या चारशेच्या वर जागा आहेत. ती तिकिटं त्या त्या दिवशीच विकतात आणि वीस युरोच्या आत मिळतात. आत गेलात की आपल्या जागेसमोरच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा. जागा तुमची झाली, मग खुशाल पाणी पिऊन या, कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याचाच प्रकार, फक्त इथे भांडण होत नाही. उभं राहणाऱ्यांपुढेही छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीत अर्थ येतो. गुडघे कुरकुरले तर मध्यंतरात निघा. वाईट कुणालाच वाटत नाही.

ब्रॉयगेल कुन्स्टहिस्टोरिशेस या कलासंग्रहालयात. त्याची डझनभर चित्रं एकाच संग्रहालयात दुसरीकडे कुठेही नाहीत. गुरुवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. साडेसहानंतर गर्दी ओसरते, तेव्हा जा. तुमचे 'शिकारी' 1565 चे आहेत आणि त्याच दालनात बाबेलचा मनोराही आहे. बाकी संग्रहालय अफाट आहे, तेच गाळा.

राहायचं हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ. तिथून यू-1 मेट्रोनं दोन स्टेशनं, कार्ल्सप्लाट्झ, की ऑपेरा समोर. मेट्रोला अडवणारी दारं नसतात, म्हणून तिकीट फुकट आहे असं समजू नका. साधं कागदी तिकीट निळ्या पेटीत सरकवून शिक्का उमटवायचा. तिकीट असून शिक्का नसला तरी दंड शंभर युरोच्या वर. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून.

एकच बजावतो: पासपोर्ट जवळ ठेवा. परतताना सीमेवरच्या पासाऊच्या सुमाराला जर्मन पोलीस गाडीत चढून तपासतात.

घाई_करा_राव:
अडीच दिवस एका शहरात? वाया! बुधवारी शोनब्रून राजवाडा + प्राटर बागेतला पाळणा. गुरुवारी पहाटे हालश्टाट, येताना साल्झबुर्ग. शुक्रवारी सकाळी ब्राटिस्लाव्हा, रेल्वेनं एक तास, आणखी एक देश टिक. व्हिसा शेंगेनच आहे, वेगळा लागत नाही. मी असंच केलं होतं, दिवसाला तीस हजार पावलं!

मिरजेची_मावशी:
@घाई_करा_राव, पावलांचा हिशेब वाचूनच गुडघे सुजले. तुमची यादी जपून ठेवते. काय गाळू याचं उत्तर आयतंच मिळालं.

एकटीचा_चहा:
ताई, मी ठाण्याची. गेल्या सप्टेंबरात 58 व्या वर्षी व्हिएन्नाला एकटी गेले होते. एकटीनं फिरायची मला भीती नव्हती. हॉटेलात एकटीनं टेबल मागायची होती! आपल्याकडे वेटर विचारतो ना, "अजून कोण येणार?" तिथल्या कॅफेत तो प्रश्नच येत नाही. एक मेलांज (फेसाळ दुधाची कॉफी) मागवली की कॉफीबरोबर छोट्या ट्रेमध्ये पाण्याचा पेला येतो आणि तुम्ही दोन तास बसलात तरी कुणी बिल आणून आपटत नाही. मी गुम्पेनडॉर्फर श्ट्रासेवरच्या श्पेर्लमध्ये बसले होते. 1880 पासूनचं कॅफे, आत बिलियर्डची टेबलं आहेत. शेजारी एक आजी अख्खं वर्तमानपत्र वाचून, मग शब्दकोडं सोडवून उठल्या. वेटर हसत नाहीत, ते मनावर घेऊ नका. तिथे तीच रीत आहे.

खाण्यात एक फसगत सांगते. बटाट्याचं सॅलड निर्धास्त मागवू नका, व्हिएन्नात ते बहुधा गोमांसाच्या रश्श्यात कालवतात. मला अर्धी वाटी संपल्यावर कळलं. केझेश्पेट्झ्ले म्हणजे चीजमधल्या शेवया म्हणा, पोट भरतं, फक्त वर बेकन नको म्हणून सांगा. कायझरश्मार्न मात्र खाच. जाड गोड धिरडं तव्यावरच मोडल्यासारखं, सोबत आलुबुखाऱ्याचा मुरंबा. अंडं आहे.

आणि शुक्रवारची सकाळ रिकामी असेल तर 71 नंबरची ट्राम पकडून त्सेंट्रालफ्रीडहोफला जा. स्मशानात काय जायचं म्हणाल, पण बेटहोफेन, शुबर्ट, ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. दोन नंबरच्या फाटकाशी उतरायचं. शहरात माणसं वीस लाख, तिथे पुरलेली तीस लाख. व्हिएन्नात कुणी गेलं की म्हणतात, "त्यानं 71 पकडली." मी परतीच्या ट्राममध्ये बसल्यावर घरी तसा मेसेज टाकला, तर मुलानं घाबरून फोन केला.

मिरजेची_मावशी:
तारीख बदलली! जूनचा तिसरा आठवडा. बुधवारी ऑपेरा, गुरुवारी संध्याकाळी शिकारी आणि त्यांचे कुत्रे, शुक्रवारी सकाळी 71. मधल्या वेळात कॅफे. शोनब्रून गाळलं, पाळणा गाळला, हालश्टाट तर यादीत नव्हतंच. मुलगी म्हणते, "आई, एवढ्या लांब जाऊन तीनच गोष्टी?" तिला म्हटलं, चार. कॅफे धर.

'हे' कालपासून विचारतायत, मी पण येऊ का. अजून उत्तर दिलेलं नाही.

@दानूबकाठी, स्कार्फ नाही माझ्याकडे. इरकली ओढणी चालेल?

दानूबकाठी:
पळेल. गाठ पक्की मारा.