मॉन्स्टर ट्रक: स्टीलचे डॉगबोन टाकले, आता डिफ कटकटतोय

नांगरट:
नमस्कार मंडळी. माझा रिमोटवर चालणारा १/१० मापाचा फोर-व्हील-ड्राइव्ह ब्रशलेस मोटरचा ट्रक टू-एस (दोन सेलच्या) बॅटरीवर वर्षभर निमूट चालला. दिवाळीच्या सुट्टीत माझे हात शिवशिवले. थ्री-एस (तीन सेलची) घेतली, मोटरवरचा छोटा गिअर म्हणजे १५ दात्यांचं पिनियन काढून १९ चं बसवलं (ते ज्याला फिरवतं तो मोठा गिअर, स्पर, ५४ चाच आहे), आणि मागचे प्लास्टिकचे डॉगबोन (चाकांना फिरवणारे दांडे) दोनदा तुटले होते म्हणून स्टीलचे टाकले. दोन दिवस काय पळाला! तिसऱ्या दिवशी उसाच्या बांधावरून उडवला, खाली आला आणि मागून कट्-कट्-कट्. थ्रॉटल दाबला की जास्तच.

डिफ (डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) उघडला. क्राउनच्या (डिफच्या मोठ्या गिअरच्या) चार दात्यांची नुसती टोकं उडालीत, बुडं शाबूत. ग्रीस जरीच्या साडीसारखं चमकतंय. डॉगबोनची जोडी दीडशेला मिळायची, क्राउन आणि त्याला फिरवणाऱ्या डिफमधल्या पिनियनचा सेट नऊशेला आहे. आणखी मजबूत सेट घेऊ का? की सगळी गाडीच लोखंडाची करून टाकू?

सुसाट_सातारा:
करा बिनधास्त. फुल मेटल.

गिअरगणित:
थांबा हो. ७.४ वरून ११.१ व्होल्ट म्हणजे वेग दीडपट. ५४/१५ म्हणजे ३.६, ५४/१९ म्हणजे २.८४, तिथे अजून सव्वापट. गुणाकार १.९ च्या आसपास. एका सुट्टीत गाडी जवळजवळ दुप्पट केलीत की! थ्री-एसवर पिनियन १५ चंच ठेवा. पाच मिनिटं पळवून मोटरवर बोट टेकवा. टेकवत नसेल तर १३ चं लावा. आणि पिनियन बदलल्यावर मेश (दाते एकमेकांत किती बसतात ते) बघितला होतात ना? वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मधून फिरवून काढायची. घड्या पडाव्यात, फाटू नये.

टर्नरकाका:
नांगरटराव, तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय: "नुसती टोकं". दाता बुडातून तुटला असता तर माल कच्चा म्हटलं असतं. टोक उडतं ते दाते पुरते एकमेकांत बसत नाहीत म्हणून. जोर आला की डिफमधलं पिनियन क्राउनला बाजूला ढकलतं, आणि केसमध्ये जागा असली की तो सरकतो. क्राउन अंगठ्याने आडवा हलवून बघा. हलला तर नऊशेचा सेटसुद्धा असाच जाईल.

क्राउनच्या पाठीमागच्या बेअरिंगला ०.१ किंवा ०.२ मिमीची शिम (पातळ चकती) घाला. केस बंद करून हाताने पूर्ण फेरा द्या. कुठेही अडला तर पातळ शिम घाला. खळखळ जावी, पण फिरताना जड लागू नये. मी चाळीस वर्षं लेथवर काढली, हे काम डोळ्यांनी नाही, बोटांनी होतं.

फुल मेटलवाल्यांना एकच: आधी डॉगबोन तुटून डिफ वाचवत होता. कुठेतरी एक स्वस्त भाग तुटायला ठेवावा.

हवेतला_बैल:
काकांना +१. उतरताना थ्रॉटल सोडता का? हवेत चाकं सुसाट फिरतात आणि जमिनीला लागली की क्षणात अडतात. तो सगळा हिसका डिफमध्ये जातो.
(अवांतर: म्हणून मला तामियाचा क्लॉड बस्टर आवडतो. १९८७ चं मॉडेल. दोन मोटरी, एकेका अ‍ॅक्सलवर एकेक, मधे शाफ्टच नाही.)

सुसाट_सातारा:
दोन मोटरी म्हणजे दुप्पट खर्च, बैलदादा :)

नांगरट:
काका, क्राउन चांगला अर्धा मिलिमीटर हलत होता! नवा सेट बसवला, आधी ०.२ ची शिम घातली तर एका जागी अडकला, मग ०.१ ची. आता आवाज नाही. पिनियनही १५ चं परत लावलं.

एक गोष्ट मात्र आधी लिहिली नव्हती, लाज वाटली. थ्री-एसवर स्लिपर (हिसका बसला की घसरणारा क्लच) घसरून करपल्याचा वास यायचा म्हणून त्याचा नट मी पाना घेऊन शेवटपर्यंत आवळला होता. काल पाव-पाव फेरा करत ढिला केला. आता उचल घेताना फूट-दोन फूट 'सूंऽऽ' असा आवाज येतो.

टर्नरकाका:
पाना घरच्यांकडे जमा करा.