दुसरीत जाण्याआधी मुलाला नेमकं काय यायला हवं? (मराठी माध्यम, राज्य मंडळ)

पहिलीची_आई
मुलगी पहिलीत आहे, जूनमध्ये दुसरीत जाईल. बालभारतीचं पुस्तक घडाघडा वाचते. दुसरं काही दिलं की मात्र 'ब… द… क…' असं एकेक अक्षर लावत बसते आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. पाहून लिहिताना अक्षर सुरेख, पण सांगून लिहायला दिलं की 'दिवा'चं 'दीवा' आणि 'पाणी'चं 'पाणि'. एकोणतीस म्हटलं की ३९ लिहिते, पंचवीसचे कधी कधी ५२. शेजारच्या मुलाचे वीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत, हिचा दोनचाही धड नाही. प्रगतिपुस्तकात सगळीकडे अ-१, अ-२ आहे, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. पहिलीच्या आणि दुसरीच्या शेवटी खरी अपेक्षा किती असते? सुट्टीत काय करून घ्यावं? शिकवणी लावायची नाही.

खडूफळा
ताई, आधी अपेक्षा सांगते. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात इयत्तावार लक्ष्यं दिली आहेत आणि शाळाही तीच धरून चालतात. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची छोटी, न पाहिलेली वाक्यं अर्थ समजून वाचता यावीत. ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, सोपी बेरीज-वजाबाकी यावी. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचावेत, संख्या ९९९ पर्यंत, वजाबाकी ९९ पर्यंतच्या संख्यांची. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, संख्या ९९९९ पर्यंत आणि साधे गुणाकार. वीसपर्यंतचे पाढे यात कुठेच नाहीत.

शब्दांच्या आकड्याचं दडपण घेऊ नका. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'घरासमोरच्या झाडाखाली' हे मराठीत दोन शब्द. हिंदीत तेच 'घर के सामने के पेड़ के नीचे', म्हणजे सात. त्यामुळे मराठी मूल मिनिटाला चाळीस शब्द वाचत असेल आणि विचारल्यावर गोष्ट सांगत असेल, तर ते मुळीच मागे नाही. साठ शब्द म्हणून दाखवून काहीच न सांगणाऱ्या मुलाची काळजी जास्त करायला हवी.

प्रगतिपुस्तकाबद्दल: पहिली-दुसरीत आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाला ७० आणि संकलितला (सत्राअखेरच्या परीक्षेला) ३० असा भार असतो. आकारिकमध्ये तोंडी काम, कृती, प्रकल्प सगळं येतं. म्हणून श्रेणी चांगली असूनही वाचन अडकलेलं असू शकतं. वर्गशिक्षिकेकडे श्रेणी विचारू नका, वर्णनात्मक नोंदी मागा. 'जोडाक्षरांत अडखळते' असं एक वाक्य तुम्हाला अ-२ पेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आता वाचन. पुस्तक पाठ झालंय, म्हणून ते बाजूला ठेवा. जोडाक्षर नसलेली पाच-सहा साधी वाक्यं स्वतः लिहा, घरातल्याच गोष्टींवर. ती वाचत असताना मध्ये बोलू नका, कुठे अडली त्यावर फक्त खूण करा. शेवटी दोन प्रश्न विचारा. तीन दिवस वेगवेगळ्या वाक्यांवर हे केलंत की अडण्याची जागा स्वच्छ दिसते. बहुतेक मुलं चारांपैकी एका ठिकाणी अडतात.

पहिलं, सारखी दिसणारी अक्षरं: घ-ध, भ-म, ब-व, ट-ठ-ढ आणि 'ख' ला 'रव' वाचणं. ही जोडी एकत्र शिकवू नका, गोंधळ वाढतो. आधी 'घ' चे आठ दिवस, मग 'ध'.

दुसरं, पहिली वेलांटी. ती दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. 'दिवा' वाचताना डोळा आधी वेलांटीवर पडतो आणि मूल थांबतं. अक्षरावर बोट ठेवून 'द', मग वेलांटीवर बोट नेऊन 'दि' असं करून दाखवा.

तिसरं म्हणजे तुमच्या मुलीचं: अक्षरं येतात, शब्द होत नाही. कारण 'ब-द-क' असं सुटं म्हणताना प्रत्येक अक्षराला पूर्ण 'अ' लागतो, आणि बोलण्यात शेवटच्या 'क' मधला 'अ' गळतो. ती वाचते तो शब्द तिनं कधी ऐकलेलाच नसतो. कागदाची पट्टी घ्या, शब्द झाका, एकेक अक्षर उघडा आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून म्हणायला लावा: ब, बद, बदक. शेवटी 'हा कोण?' असं विचारा. शब्द ओळखीचा निघाला पाहिजे, म्हणून सुरुवातीला अनोळखी शब्द घेऊच नका. र, म, न, स, क आणि काना एवढ्यात रस, नाक, कान, काम, मका, कमान, सामान असे कितीतरी शब्द होतात. हे पक्के झाले की एक नवं अक्षर आणि एक नवं स्वरचिन्ह वाढवा. मुळाक्षरं 'ज्ञ' पर्यंत संपवून, मग अख्खी बाराखडी घोकून, मग शब्द, हा क्रम मुलांना फार ताटकळत ठेवतो.

चौथं, जोडाक्षरं. ती दुसरीत. आधी त्याच अक्षराची (पत्ता, गप्पा), मग वेगळ्या अक्षरांची (पुस्तक, गोष्ट), आणि 'र' ची सगळ्यात शेवटी: सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या. एकच 'र' चार रूपांत येतो, म्हणून चारही एका दिवशी दाखवू नका.

दिवसाला पंधरा मिनिटं पुरेत. अर्ध्या तासाला मूल कंटाळतं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बघूनच पळतं.

दशक_एकक
गणिताचं मी लिहितो. ३९ आणि ५२ या चुका मुलीच्या नाहीत, मराठी संख्यानामांच्या आहेत. आपण 'पंचवीस' मध्ये पाच आधी म्हणतो आणि लिहितो दोन आधी. 'एकोणतीस' मध्ये कानाला तीस ऐकू येतं, म्हणून हात ३ लिहितो. असे 'एकोण' एकूण आठ: १९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९. नव्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही. याच अडचणीमुळे २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनं दिली होती, त्यावर बराच वादही झाला. घरी ती पद्धत आधाराला वापरायला हरकत नाही. पंचवीस हे नाव तर यायलाच हवं.

आईस्क्रीमच्या काड्या किंवा खराट्याचे हीर घ्या, शंभरभर. दहा-दहांचे गठ्ठे रबर लावून तिच्याच हातानं बांधून घ्या. तयार गठ्ठे देऊ नका, दहा मोजून बांधण्यातच दशक कळतो. दोन गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या मांडा. आणखी एक ठेवली की तिसरा गठ्ठा होतो, म्हणजे तीस. ती एक काढून घ्या: 'तिसाला एक कमी, एकोणतीस.' गठ्ठे किती? दोन. म्हणून आधी २ लिहायचे. रोज दोनच 'एकोण' घ्या, आणि लिहिण्याआधी 'गठ्ठे किती?' हा प्रश्न सोडू नका. 'वीस नऊ' म्हटल्यावर कधी २०९ लिहिलं तर समजा, तिनं 'वीस' आणि 'नऊ' दोन्ही ऐकून तसंच मांडलं. दुसरीत एकशे पाचचे १००५ होतात, तीही हीच चूक.

वजाबाकीत एका गोष्टीवर लक्ष ठेवा. ४२ − १७ चं उत्तर ३५ आलं, तर तिनं दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले. 'हातचा विसरली' असं म्हणून पुढे जाऊ नका. चार गठ्ठे, दोन सुट्ट्या मांडा आणि सतरा मागा. सात देता येत नाहीत म्हटल्यावर ती स्वतः एक गठ्ठा सोडते. गठ्ठा सोडणं हातानं झाल्याशिवाय वहीतली खूण तिला कळणार नाही.

पाढ्यांचं: दुसरीत २, ५ आणि १० पुरे. आधी टप्प्यानं मोजणं (पाच, दहा, पंधरा…), मग ताल.

पाटी_पेन्सिल
पाढ्यांवर थोडा मतभेद नोंदवते. 'बे एके बे, बे दुणे चार' हा ताल लहान वयात पटकन बसतो आणि पुढे भागाकारात फार उपयोगी पडतो. तो टाकून देऊ नका. फक्त एक पडताळा घ्या. 'पाच-पाच पेढ्यांची चार पाकिटं, पेढे किती?' असं विचारल्यावर मूल 'पाच एके पाच' पासून सुरू करून चारवर थांबत असेल तरी चालेल. कुठे थांबायचं तेच कळत नसेल, तर पाठांतर थांबवा आणि पेढे मांडा.

लेखनाचं: पाहून लिहिणं (अनुलेखन) आणि ऐकून लिहिणं (श्रुतलेखन) ही वेगळी कामं आहेत. पाहून लिहिताना हात आकार काढतो, आवाज ओळखावा लागत नाही. रोज पाच शब्द सांगा, आदल्या दिवशी वाचलेलेच. 'दीवा', 'पाणि' लिहिणाऱ्या मुलीला आवाज बरोबर ऐकू येतोय, हे चांगलं आहे. लाल पेन नको. सध्या एकच नियम द्या: शब्दाच्या शेवटी आली तर दुसरी वेलांटी. पाणी, पिशवी, मोटारी. 'आणि' हा अपवाद तिला लवकरच भेटेल, तो वेगळा लक्षात ठेवायचा.

घरी 'पानी' म्हणत असतील आणि मूल 'पाणी' ला 'पानी' वाचत असेल, तर ती वाचनाची चूक धरू नये. अहिराणी, कोरकू, भिली बोलणाऱ्या घरांतल्या मुलांवर असा अन्याय वर्गात फार होतो. अर्थ सांगितला की वाचलं असं धरा.

आणि फळ्यावरचं उतरवताना चुकते पण वहीतलं नाही, असं असेल तर आधी डोळे तपासून घ्या.

पहिलीची_आई
खूप आभार. आज पट्टी करून पाहिली, 'कमान' दोन प्रयत्नांत आलं. एकच विचारायचंय: सुट्टीत लिहिण्याचा गृहपाठ रोज किती द्यावा?

खडूफळा
केंद्राच्या २०२० च्या दप्तर (स्कूल बॅग) धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाहीच. पानंच्या पानं लिहून घेऊ नका. श्रुतलेखनाचे पाच शब्द आणि तिच्या मनातलं एक वाक्य, बस. ते वाक्य चुकीचं लिहिलेलं असलं तरी आधी मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा चूक तिलाच सापडते. पट्टीवर आता 'दिवा' आणि 'पिशवी' घ्या, म्हणजे पहिली वेलांटीही कळेल.