पोपटाचा पिंजरा: जीआय, पावडर कोटिंग की एसएस?

चिंगीची आई, कोपरखैरणे

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चिंगी आहे, ग्रीन चीक कोन्युअर जातीचा छोटा पोपट, दोनेक वर्षांची. पिंजरा जीआयचा (गॅल्व्हनाइज्ड लोखंड), दुकानातला साधाच. पाऊस लागल्यापासून सळ्यांच्या जोडांवर खडूसारखी पांढरी पूड धरते. ओल्या फडक्याने पुसली की जाते, आठवड्यात परत येते. आणि चिंगीला नेमकी तीच जागा आवडते. दाराच्या कडेला चोच लावून करकर खरवडते आणि वर जीभ फिरवते. बघून माझ्या पोटात गोळा येतो.

पिंजरा बदलायचं ठरलंय. एक, तयार मिळणारा पावडर कोटिंगचा. दोन, गॅलरीचा अर्धा भाग जीआय जाळीने बंद करून तिला मोठी जागा. तीन, एसएसचा (स्टेनलेस स्टील) करून घेणं, ज्याचा खर्च पहिल्याच्या जवळपास तिप्पट सांगितलाय. सासरे म्हणतात, गावाकडचा पितळी पिंजरा माळ्यावर आहे, त्याला कल्हई करून घेऊ. काय करावं?

सळीवाला, ठाणे

ताई, माझं वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं काम आहे आणि घरी आफ्रिकन ग्रे पोपट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती पांढरी पूड जस्ताची आहे. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. ओल राहिली आणि हवा खेळली नाही की जस्त असं फुलतं, त्याला आम्ही पांढरा गंज म्हणतो. आपल्या हाताला लागली तर काही होत नाही. पोपटाचं तसं नाही. धातूचा कण त्याच्या दाणे दळणाऱ्या पोटात अडकून बसतो, पोटातलं आम्ल तो हळूहळू विरघळवतं आणि जस्त रक्तात उतरत राहतं. पिंजरा जुना झालाय म्हणून हे होतंय असंही समजू नका. नव्या कोऱ्या जाळीवर जस्ताचे सुटे थेंब आणि टोकं जास्त असतात, म्हणूनच या विषबाधेला न्यू वायर डिसीज म्हणतात. त्यामुळे गॅलरीतल्या जीआय जाळीचा विचार सोडून द्या. जाळी व्हिनेगर आणि ब्रशने घासून घ्या असं लोक सांगतील. त्याने वरची सुटी पूड निघते, थर तसाच राहतो. फिंचसारख्या, जाळी न चावणाऱ्या पक्ष्यांना एक वेळ चालेल. कोन्युअरची चोच म्हणजे पक्कड आहे.

पितळेत तांबं आणि जस्त. कल्हई ताटवाटीला ठीक, कारण आपण ताट कुरतडत नाही. इथे ती काही दिवसांत चोचीने निघेल, खाली पितळ उघडं पडेल. सासऱ्यांना सांगा, पिंजरा सुंदर असेल तर त्यात मनीप्लांट ठेवा.

पावडर कोटिंग सरसकट वाईट नाही. चांगलं काम असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. ही पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना वितळून धातूला घट्ट धरते. प्रश्न दोनच: खाली काय आहे आणि थर निघतो का. खाली साधं लोखंड असेल तर टवका उडाल्यावर तांबडा गंज दिसेल. तो वाईटच, पण जस्ताइतका घातक नाही. खाली जीआय किंवा जस्ताचा प्रायमर असेल तर तुम्ही आहात तिथेच परत आलात. दुकानात दाराची कडी, भांडं अडकवायची जागा आणि वेल्डचे कोपरे नखाने खरवडून बघा. दुकानदार खाली काय आहे ते सांगत नसेल तर घेऊ नका.

माझं मत एसएस, आणि ग्रेड ३०४. इथे फसवाफसवी चालते. चुंबक लावून दाखवतील, चिकटत नाही बघा, ३०४ आहे. पण २०२ या दुसऱ्या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ वाकवलेल्या जागी थोडं ओढतं. चुंबकाने फार तर साधं लोखंड किंवा जीआय ओळखता येतं. ३०४ आणि २०२ वेगळं करायला तपासणीचं औषध मिळतं: थेंब टाकायचा, छोट्या बॅटरीची तार लावायची, लाल झाला तर २०० मालिकेतलं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. २०२ विषारी नाही, त्यावर जस्ताचा थर नसतो. पण निकेल कमी, त्यामुळे खाडीच्या वाऱ्यात लवकर डागाळतं. ३१६ या आणखी वरच्या ग्रेडच्या मागे घरातल्या पिंजऱ्यासाठी लागू नका.

वेल्डिंग आर्गनचं सांगा. वेल्डचा काळपटपणा काढायला काही जण पिकलिंग पेस्ट लावतात, ती जहाल आम्लाची असते. बफिंगचं मेणही फटींत राहतं. घरी आणल्यावर गरम पाणी आणि साबणाने प्रत्येक जोड घासा, भरपूर पाण्याने धुवा, मगच पक्षी आत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच लोक चुकतात. पिंजरा तीनशेचारचा आणि आतल्या बारीकसारीक वस्तू जीआयच्या! कोपरे जोडणाऱ्या सी क्लिपा, भांड्याचे हुक, झोपाळ्याची साखळी, खेळण्याची चावीची रिंग, दाराचं कुलूप. माझ्याकडे एक गृहस्थ छान एसएस पिंजरा दाखवायला घेऊन आले होते. दाराची स्प्रिंग हातात घेतली तर चोचीने चावून चावून तिचा थर अर्धा गेला होता, खालचं लोखंड काळं दिसत होतं. स्वस्त घंटीच्या आतल्या लोलकात शिसंही असू शकतं. यातलं जे काही चोचीला पोचतं ते एसएसचं किंवा लाकडाचं असू द्या.

सळ्यांमधलं अंतर चिंगीसाठी १२ ते १६ मिलिमीटर. डोकं बाहेर जाता कामा नये.

नेरूळची नीता

सळीवाला दादांचं शंभर टक्के खरं. आमच्या कॉकाटिएलची विष्ठा हिरवी, पाणी पाणी व्हायला लागली, सारखा पाणी प्यायचा, मग फांदीवर तोल जायला लागला. एक्सरेत पोटात धातूचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसले. खेळण्याच्या साखळीचे तुकडे होते. रक्तात जस्त जास्त निघालं. शरीरातला धातू बाहेर काढणाऱ्या कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं घेतली आणि पक्षी वाचला. एक गोष्ट लक्षात ठेवा: जस्तासाठी रक्त काढताना रबरी बुचाच्या नळीने आकडा खोटा वाढू शकतो. पक्ष्यांची सवय असलेल्या डॉक्टरांना हे माहीत असतं. चिंगी आत्ता ठणठणीत दिसत असली तरी एकदा दाखवून आणा.

कळव्याचा पक्षीप्रेमी

स्वयंपाकघराजवळ पिंजरा नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत जातो, पिंजरा कितीही चांगला असू दे.

आणि कोन्युअर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, केली नसेल तर करून टाका.

राघूप्रेमी, वाशी

आमच्याकडे साधा हिरवा पोपट आहे, गळ्याला लाल पट्टा. त्यालाही एसएसच लागेल का?

कळव्याचा पक्षीप्रेमी

तो आपला देशी पोपट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो घरी ठेवताच येत नाही, पिंजरा कसलाही असो. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. गॅलरीतून आपण होऊन उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर खायला शोधता येत नाही, कावळे मारतात.

चिंगीची आई, कोपरखैरणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ३०४ च करून घेते, डॉक्टरांची वेळही घेतली. पण फॅब्रिकेटर तीन आठवडे म्हणतोय. तोवर तिला ठेवू कुठे?

सळीवाला, ठाणे

दिवसा तुम्ही घरात असाल तेव्हा पिंजऱ्याबाहेर लाकडी स्टँडवर, दारंखिडक्या आणि पंखा बंद करून. रात्री प्लॅस्टिकच्या प्रवासी पेटीत, तिचं दार आणि कडी कसली आहे ते बघून घ्या. बाहेर जाताना जुन्याच पिंजऱ्यात ठेवावं लागलं तर पांढरी पूड ओल्या फडक्याने टिपा, सुका ब्रश मारू नका, ती हवेत उडते. चावायला पेरूची किंवा कडुनिंबाची ताजी फांदी द्या, फवारणी न झालेली, नीट धुतलेली. चोच फांदीत गुंतली की सळीकडे कमी जाते. कण्हेर मात्र जवळही नको. आणि क्लिपा मोजून आत्ताच फॅब्रिकेटरला लिहून द्या, नाहीतर शेवटच्या दिवशी तो हाताशी असतील त्या जीआयच्या लावून मोकळा होईल.