फ्रेंच टोस्ट बाहेरून करपतो, आत लिबलिबीत राहतो. पावसाळ्यात ब्रेड सुकवायचा कसा?

आंबोळी
माझं प्रमाण असं: ३ अंडी, २ कप दूध, ३ चमचे साखर, पाकिटातला पांढरा ब्रेड ८ स्लाइस. प्रत्येक स्लाइस दोन मिनिटं बुडवून बिडाच्या तव्यावर बटरमध्ये, गॅस मोठा. वरून काळपट होतो, मधे चमच्याने खाण्यासारखा. शिवाय अंड्याचा हिवस वास राहतो. ब्रेड आदल्या दिवशीचा, सुकलेला हवा असं सगळेच सांगतात. पण वेंगुर्ल्यात जुलैत रात्रभर उघडा ठेवलेला ब्रेड सकाळी उलट जास्तच मऊ लागतो. काय करावं? लादीपाव चालेल का? कांदा-मिरचीवाला नको, गोडच हवा.

उलथणं
दूध फार झालंय. अंडं दुधाला धरून ठेवतं. दूध वाढवत गेलात की अंड्यातली प्रथिनं विरळ होतात आणि मिश्रण घट्ट व्हायला जास्त उष्णता लागते. साखरेनेही तेच होतं. नुसतं अंडं ६५-७० अंशांना आळतं, दूध-साखर घातलेलं साधारण ८० च्या आसपास. मोठ्या गॅसवर तिथपर्यंत पोचायच्या आत वरची बाजू जळून जाते. तुमचं नेमकं हेच होतंय.

३ अंड्यांना पाऊण कप (१८० मिली) दूध. हे दोन सेंटिमीटर जाडीच्या ६ स्लाइसना पुरतं. अंडी गावठी असतील तर ४ घ्या, ती आकाराने लहान असतात. साखर एक मोठा चमचा, त्यापेक्षा जास्त नको. गोडी वरून घालता येते, तव्यावरची साखर मात्र करपते. चिमूटभर मीठ, पण बटर खारं असेल तर तेही नको.

कृतीत क्रम महत्त्वाचा. आधी अंडी, साखर आणि दालचिनीची पूड एकत्र फेटा, मग थंड दूध घाला. पूड थेट दुधात टाकली की वर तरंगते आणि पहिल्या दोन स्लाइसनाच सगळी चिकटते. दूध तापवून कोमट असतानाच ओतू नका आणि साय काढून टाका, तिचे तुकडे तव्यावर आधी जळतात. मग मिश्रण चहाच्या गाळणीतून गाळा. पांढऱ्या बलकाचे दोरे गाळणीत राहतात. तेच ब्रेडवर बसून ऑम्लेटसारखे पांढरे डाग पाडतात. वासाचं म्हणाल तर तो बऱ्याचदा आचेमुळे असतो: पांढरा बलक जास्त तापला की गंधकाचा वास सुटतो. आच कमी केलीत की निम्मं काम झालं. उरलेल्यासाठी जायफळ किसून घाला, व्हॅनिलापेक्षा बरं.

बिडाचा तवा चांगलाच आहे, फक्त तो मंद आचेवर पाच मिनिटं तापू द्या. बीड उष्णता धरून ठेवतं, एकदा जास्त तापलं की गॅस कमी करूनही लवकर उतरत नाही. एक चमचा तेल, त्यात अर्धा चमचा बटर. बटरचा फेस बसला, पण रंग तपकिरी झाला नाही, तेव्हा स्लाइस टाका. जाड स्लाइसला मंद ते मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं. झाला की नाही ते मधोमध बोटाने दाबून बघा: स्पंजसारखा वर आला तर झाला, कडेने पातळ मिश्रण आलं तर अजून एक मिनिट. दर दोन स्लाइसनंतर तवा पुसून नवीन बटर.

आणि हो, ज्या तव्यावर बांगडे तळता त्यावर हे करू नका. कितीही घासा.

दापोलीकर
सुकवण्याबद्दल. ब्रेड शिळा होणं आणि सुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिळा होतो तो त्यातल्या स्टार्चची रचना बदलते म्हणून, पाणी तितकंच असलं तरी. आपल्याला हवंय ते पाणी कमी झालेलं, म्हणजे दूध-अंडं शिरायला जागा होईल. समुद्राकाठच्या पावसाळी हवेत उघडा ठेवून ते होणार नाही, उलट बुरशीला आमंत्रण. म्हणून उष्णतेने सुकवा. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) असेल तर १२० अंशांवर जाळीवर १०-१५ मिनिटं, मधे एकदा उलटा. रंग बदलायला नको, हाताला पापुद्रा कोरडा लागला पाहिजे. ओटीजी नसेल तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. गरम ब्रेड मिश्रणात बुडवू नका.

पाकिटातला ब्रेड मुळात पातळ, सव्वा सेंटिमीटरच्या आत. त्याला दोन मिनिटं म्हणजे लगदा. १० सेकंद एक बाजू, १० सेकंद दुसरी. बेकरीतून न कापलेला ब्रेड मिळाला तर तोच घ्या, घरी दोन सेंटिमीटरचे काप करा आणि सुकवून अर्धा-पाऊण मिनिट एकेक बाजू भिजवा.

दालचिनी शक्यतो पातळ सालीची. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात मिळाली तर मसाल्याची जाड दालचिनी वापरू नका, जाड साल उग्र लागते.

माडाखाली
ब्रेड रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवला तरी सुकतो. ओव्हन कशाला?

दापोलीकर
@माडाखाली सुकतो, पण त्याच फ्रिजमध्ये सुंगटांचा (कोळंबीचा) डबा असेल तर ब्रेडलाही तो वास लागतो. रिकामा कप्पा असेल तर चालेल.

आंबोळी
उलथणं, दापोलीकर, दोघांचे आभार. लादीपावाचं राहिलं. आणि दुधाऐवजी नारळाचा रस?

उलथणं
लादीपाव चालतो, पण मधून आडवा कापा आणि सुकवल्याशिवाय घेऊ नका. फार हलका असतो, भिजला की उचलतानाच तुटतो. कापलेली बाजू पाच सेकंद, वरची तपकिरी बाजू जेमतेम टेकवायची. तव्यावर कापलेली बाजू आधी. बेकरीतले कडक ‘बटर’ मात्र नकोत, आत भिजेपर्यंत बाहेरून विरघळतात.

नारळाचा रस निम्मा घ्या, म्हणजे ९० मिली दूध आणि ९० मिली पहिला, दाट रस. पूर्ण रस घेतलात तर चरबीमुळे टोस्ट तेलकट लागतो. रस असेल तेव्हा बटर आणखी कमी.

माडाखाली
वरून काकवी घाला, मेपल सिरपच्या नादाला लागू नका. आंब्याचा रस आटवून ठेवलेला असेल तर तोही, फक्त त्या वेळी मिश्रणात साखर घालू नका.

दापोलीकर
सगळ्यांना एकदम वाढायचं असेल तर तयार टोस्ट ताटात एकावर एक रचू नका, वाफेने खालचे ओले होतात. जाळीवर ठेवून ओटीजीत ९०-१०० अंशांवर १५-२० मिनिटं राहू शकतात. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्यात कच्चं अंडं आहे.